ठशांतला फुजी

छापलेलें चित्र म्हणजे अस्सल चित्राची नक्कल, अशी आपली एक समजूत असते. जपानांतील लाकडी ठशांच्या चित्रांना ती लागू पडत नाहीं. कां, तें आज फुजी पर्वताच्या चित्रांवरून पाहूं.

होकुसाई या चित्रकारानें वयाच्या सत्तरीच्या सुमारास, १८३० च्या आसपास, फुजीच्या छत्तीस दर्शनांची चित्रमाला काढावयास घेतली. ती इतकी लोकप्रिय झाली कीं, पुढें आणखी दहा चित्रें जोडावीं लागलीं. फुजीची उंची ३,७७६ मीटर. पण होकुसाई त्याला पुष्कळदां अगदीं लहान दाखवितो. एका चित्रांत उसळत्या लाटेखालीं तो टेकडीएवढा दिसतो. दुसऱ्यांत एक कारागीर भलेंमोठें पिंप तयार करीत आहे, आणि त्या बिनबुडाच्या पिंपाच्या गोलांतून दूरवरचा इवलासा फुजी डोकावतो. माणसें आपल्या कष्टांत मग्न, पर्वत आपल्या जागीं स्थिर!

आतां हें चित्र होतें कसें? चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देतो. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवितात, आणि कोरणारा रेषा तेवढ्या राखून बाकीचें लाकूड काढून टाकतो. त्यांत मूळ रेखाटन नष्ट होतें. म्हणजे ज्याची नक्कल करावी, असें अस्सल चित्र मागें उरतच नाहीं! पुढें निरनिराळ्या रंगांच्या फळ्या कोरतात. छापणारा ओलसर कागद खुणांवर नेमका बसवून पाठीमागून चकतीनें घासतो. तीन कारागिरांच्या हातून चित्र जन्मतें. पण त्यावर नांव बहुधा चित्रकाराचें आणि प्रकाशकाचें. कोरणारा व छापणारा अनामिकच राहिले, हा मला अन्याय वाटतो.

विसाव्या शतकांत हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) या गिर्यारोहक चित्रकारानें स्वतः कोरण्याची व छापण्याची विद्या आत्मसात केली आणि कारागिरांना आपल्या देखरेखीखालीं घेतलें. युरोपांतील मॅटरहॉर्न शिखर त्यानें एकाच ठशांवरून रंग बदलून दिवसा आणि रात्रीं असें दोनदां छापलें. पुढें हिंदुस्थानांत येऊन त्यानें कांचनजंगाही चित्रित केलें.

असें एखादें चित्र पाहावयास मिळालें, तर आभाळाच्या वरच्या कडेकडे अवश्य पाहा. तेथील गडद निळा रंग खालीं हळूहळू विरत जातो. ती चित्रकाराच्या कुंचल्याची करामत नव्हे. फळीवरचा रंग दर वेळीं बेतानें पुसून घेणाऱ्या छापणाराच्या हाताची आहे.