गोड्या-खाऱ्या पाण्याच्या उंबरठ्यावर

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिला ‘उत्तरेचे व्हेनिस’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रवासवर्णनकारांना ही उपमा मोठी सोयीची. पण ती यथार्थ नव्हे. व्हेनिस खचत चालले आहे, स्टॉकहोमची भूमी मात्र वर येत आहे. हिमयुगातील बर्फाचा प्रचंड भार उतरल्यापासून ती वर उचलली जात असून, आजही वर्षाला सुमारे अर्धा सेंटिमीटर चढते. त्यामुळेच एके काळची समुद्राची खाडी तुटून मेलारेन हे गोड्या पाण्याचे सरोवर झाले.

त्या सरोवराच्या मुखाशी १४ बेटांवर हे नगर वसले आहे. गामला स्तान या जुन्या वस्तीच्या दक्षिण टोकास स्लुसेन येथे प्रवासी उभा राहिला, की एका हाताला सरोवर, दुसऱ्या हाताला बाल्टिक समुद्र. दोहोंच्या पातळीत एरवी पाऊण मीटरचाही फरक नसतो. मधल्या दारांतून होड्या चढवल्या-उतरवल्या जातात.

या पाण्याचा गुण पाहावयाचा तर ‘वासा’ युद्धनौकेचे संग्रहालय गाठावे. १० ऑगस्ट १६२८ रोजी ती पहिल्याच सफरीस निघाली आणि जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन, नगरजनांच्या डोळ्यांदेखत बुडाली. वरचा भार फार, तळ अरुंद. वाऱ्याच्या झोताने ती कलंडली आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले. चौकशी झाली; शिक्षा कोणासही झाली नाही. चौकशांचा हा रिवाज बराच जुना दिसतो! लाकूड पोखरणारा सागरी किडा बाल्टिकच्या निमखाऱ्या पाण्यात जगत नाही, हे आंदेर्स फ्रान्सेन यांनी हेरले होते. १९५६ साली त्यांनी तळाशी सोडलेल्या उपकरणातून काळ्या ओक लाकडाचा तुकडा वर आला, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी तीन शतकांहून अधिक काळ बुडालेली नौका जवळजवळ अखंड पृष्ठभागावर आली.

मेलारेन हे राजधानी-परिसरातील सुमारे वीस लाख लोकांचे पिण्याचे पाणी आहे. आजवर भूमीच चढत असल्याने समुद्राची भीती नव्हती. आता समुद्राच्या चढणीचा वेग भूमीच्या वेगाजवळ येऊन ठेपला आहे. खारे पाणी सरोवरात शिरले, तर नळ आटण्याची वाट पाहावी लागणार नाही. म्हणूनच २०१६ पासून स्लुसेनची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली: पुराचे पाणी समुद्रात अधिक वेगाने सोडता यावे आणि समुद्राचे पाणी दाराबाहेरच राहावे.