कागद एका वर्षाचा, माती पिढ्यांची
(डोळखांबच्या बैठकीत मांडलेलं बोलणं)



प्लॉट नावावर झाला पाहिजे, हे आपण दर बैठकीत बोलतो. आज त्या प्लॉटवरच्या मातीचं बोलू. कागद हातात येईपर्यंत खाली कातळच उरला तर कागद काय चुलीत घालायचा?

आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. एका एकरावरून एक मिलिमीटर, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा थर गेला, तर ती पाचेक टन माती होते. गाडीत अर्धा टन धरला तर दहा बैलगाड्या. डोळ्याला काही दिसत नाय.

शास्त्रज्ञ हा हिशोब पाच गोष्टींच्या गुणाकाराने करतात: पाऊस, मातीचा प्रकार, उतार, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती. पाऊस आणि मातीचा प्रकार आपल्या हातात नाहीत. आच्छादन आणि बांध आहेत, आणि बांध घातला की उतारही तुटतो.

आता पिकाचं बघू. आकडे फक्त समजायला घेतलेत. समजा एकराला तीन क्विंटल नागली येते आणि माती गेल्याने दरसाल सहा किलो घटते. सहा किलो कोण मोजतो? पाऊस कमी झाला, बी हलकं निघालं, असं म्हणून आपण सोडून देतो. पण वीस वर्षांची घट एकत्र करा. अकराशे चाळीस किलो होते. जवळजवळ चार वर्षांचं पीक ओढ्याला गेलं. थोडी माती खालच्या खाचरात थांबते, पण ते खाचर बहुतेक वेळा आपलं नसतं!

मग बांध का घालत नाही? साहेब म्हणतात, आदिवासी अडाणी. आम्ही म्हणतो, हिशोब बरोबर आहे, मुदत चुकीची आहे. बांधाला मजुरी आज लागते, फायदा दहा-वीस वर्षांत येतो. एकसाली प्लॉटवाल्याला पुढच्या आगोटीला हुसकतील याची धास्ती. तो दगड कोणासाठी रचेल? सावकाराच्या आणि बाजाराच्या हिशोबातही लांबचा रुपया लहानच होत जातो. नातवाची नागली तिथे शून्य धरतात.

पूर्वी नागली, वरई, खुरासणी घेऊन वरकस जमीन टाकून द्यायचे. गवत-झुडूप यायचं, माती बसायची. आता तुकडा एवढासा, टाकायचा कुठे? ज्यांनी कूप तोडून डोंगर उघडे केले, त्यांनी माती वाहिल्याचा ठपका आपल्यावर ठेवू नये.

1978 साली राज्य सरकारने ही अतिक्रमणं नियमित करायचा ठराव केला. 1980 ला वनसंवर्धन कायदा आला आणि गाडं दिल्लीच्या परवानगीवर अडलं. तेव्हापासूनची प्रत्येक आगोट त्या उशिराच्या खात्यात मांडली पाहिजे. म्हणून आपली मागणी एकत्रच आहे: प्लॉट कायम करा, आणि रोजगार हमीतून त्याच प्लॉटवर बांधबंदिस्तीची कामं काढा. सातबारा नाही म्हणून काम नाही, हे चालणार नाही.

तोवर प्रत्येक पाड्याने एवढं करावं. पावसाआधी उतारावर तीन-चार ठिकाणी लोखंडी सळी घट्ट ठोका, जमिनीच्या पातळीला खूण करा. दिवाळीनंतर खूण किती उघडी पडली ते पोरांच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून वहीत लिहा. बापजाद्यांचे जुने बांध असतील तर तेही लिहा, लांबी किती, कोणी घातला. जुना बांध हा कसवणुकीचा पुरावाच आहे. वही पुढच्या बैठकीला आणा.