बावचीचे बी आणि रक्ताची पिशवी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपले मंडळ रक्तदानाचे शिबिर भरवते. तेव्हा रक्त निर्धोक कसे करतात याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी सुरुवात बावचीपासून करते. नवल वाटून घेऊ नका.

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे हे काळे, उग्र वासाचे बी. कोडावर त्याचा लेप लावून रोग्याला उन्हात बसवायची वैद्यांची रीत फार जुनी. ऊन लागले म्हणजे औषध जागे होते. १९३३ साली आपल्याच देशातील रसायनशास्त्रज्ञांनी बावचीतून ते द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव सोरालेन. (घरी मात्र हा प्रयोग कोणी करू नये. प्रमाण चुकले की कातडी भाजून फोड येतात.)

विषाणू म्हणजे कवचात गुंडाळलेली, स्वतःच्या नकला काढण्याची चिठ्ठी. सोरालेनचा चपटा कण त्या चिठ्ठीच्या धाग्यांत शिरून बसतो आणि अतिनील किरण पडताच दोन्हीकडे घट्ट चिकटतो. पिशवीच्या चेनला मधेच पक्का टाका घालावा, तशी गत! चेन उघडत नाही, नक्कल निघत नाही. हळदीतल्या पिवळ्या द्रव्यातही प्रकाशाने जागे होण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. पण म्हणून हळदीचे दूध पिऊन विषाणू मरतील असे समजू नये. पोटात दिवा कुठला?

सोरालेनच्याच घडणीचे अमोटोसालेन हे द्रव्य आता कारखान्यात बनते. कित्येक देशांत ते प्लेटलेटच्या पिशवीत घालतात, यंत्रात किरण देतात आणि उरलेले शोषून काढतात. प्लेटलेटला स्वतःच्या नकला काढायच्या नसतात, म्हणून तिचे काम अडत नाही. २००६ साली रीयुनियन बेटावर चिकुनगुन्याची अशी साथ आली की तेथे रक्त घेणेच थांबवावे लागले. प्लेटलेट तर थोडे दिवसच टिकतात. तेव्हा याच उपायाने बेटावरच्या दात्यांचे प्लेटलेट पुन्हा वापरता आले.

आपल्या परळात टाटा, के.ई.एम. आणि वाडिया हाकेच्या अंतरावर. कर्करोगाच्या औषधांनी प्लेटलेट उतरलेल्या रोग्याला कुणा अनोळखी माणसाची पिशवी लागते. तपासणी आपण शोधू तेवढेच दाखवते, आणि रोग नुकताच जडला असेल तर तेही निसटते. तेथे हा प्रकाश उपयोगी.

पण तांबड्या पेशींच्या दाट पिशवीतून हे किरण पार जात नाहीत. हेपटायटिस ए सारखे काही विषाणू त्यांना दाद देत नाहीत. खर्चही मोठा. थॅलेसीमियाच्या मुलांना जन्मभर तांबड्या पेशीच घ्याव्या लागतात. त्यांची भिस्त तपासणीवर आणि दात्याच्या खरेपणावर. शिबिरात जो प्रश्नांचा कागद हाती देतात, त्यात अलीकडे ताप आला होता का, असे विचारलेले असते. आला असेल तर ‘हो’ लिहावे आणि त्या खेपेस रक्त न देता चहा घेऊन घरी जावे.