पाळणाघर बघायला गेलात की आधी बाथरूम बघा

आज घरगुती पाळणाघराबद्दल बोलूया. 2017 च्या कायद्यानं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आमच्याकडे आम्ही जेमतेम 20 जण. म्हणजे शेजारच्या सोसायटीतल्या काकूच. लेक दहा महिन्यांची, आणि सोमवारपासून मी कामावर.

सगळे भिंतीवरची कार्टून्स बघतात. मी थेट बाथरूम गाठलं. भरलेली बादली! रांगतं बाळ दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं, तेही आवाज न होता. काकूंना सांगितलं, त्यांनी लगेच बादली ओतून पालथी घातली. वाद घातला असता ना, तर मी तिथूनच परत फिरले असते.

दुसऱ्यांदा न कळवता गेले, दुपारी दोनला. ही वेळ भारी, कारण तेव्हा मुलं झोपलेली असतात आणि मोठी माणसं पेंगत असतात. सहा मुलं, काकू आणि मदतीला एक ताई. तान्ह्यांना पाठीवर झोपवलेलं, उशी नाही. टीव्ही बंद. छान वाटलं.

पण "काकू, तुम्ही आजारी पडलात तर?" याला उत्तर नव्हतं. ते ठरेपर्यंत आईला थांबवून घेतलंय.