प्रेसनोट लिहिणाऱ्याचं कॉमिक



मला बोलायला उभं केलंय, तर आज भाषण नको. एका माणसाची गोष्ट सांगतो. अँड्र्यू आयडिन, अमेरिकेतल्या अटलांटाचा. खासदार जॉन लुईस यांच्या कार्यालयात कामाला होता. प्रेसनोट, धोरणाची टिपणं, इंटरनेटवरचा मजकूर, हेच त्याचं काम. आपल्यात निवेदनं टाइप करणारी, बॅनरवरचं शुद्धलेखन बघणारी पोरं असतात की नाही? तसंच.

२००८ ची गोष्ट. प्रचार आटोपत आला होता आणि सुट्टीत कोण कुठं जाणार यावर गप्पा चालल्या होत्या. हा म्हणाला, कॉमिक्सच्या मेळाव्याला. झालं, सगळे हसले. लुईससाहेब मात्र हसले नाहीत. आपल्या तरुणपणी एका कॉमिकनं चळवळीला मोठी मदत केली होती, असं त्यांनी सांगितलं.

ते कॉमिक मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावरचं. १६ पानं, किंमत १० सेंट. त्यात आपले गांधीजीही आहेत बरं का! समोरच्यानं मारलं तरी हात उचलायचा नाही, हे चित्रांतून शिकवलेलं.

आयडिननं मग लुईसना गाठलं. तुमची गोष्ट कॉमिकमध्ये लिहा म्हणाला. पुन्हा पुन्हा म्हणाला. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर: तूही बरोबर लिहायचं. कार्यालयाचं काम संपलं की रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हा विचारणार, ते सांगणार. चित्रं काढली नेट पॉवेल यांनी. २०१३ ते २०१६ मध्ये ‘मार्च’चे तीन भाग निघाले. मधल्या काळात या गड्यानं त्या जुन्या १० सेंटच्या कॉमिकवर एम.ए.चा प्रबंधही लिहिला!

७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी लुईस यांचं डोकं फोडलं होतं. ते तर पुस्तकात आहेच. मला जास्त लागलं ते दुसरंच. १९५६ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, ते गावच्या वाचनालयात कार्ड मागायला गेले. कार्ड फक्त गोऱ्यांना, असं उत्तर मिळालं. साठ वर्षांनी तिसऱ्या भागाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, तेव्हा व्यासपीठावर हे सांगताना त्यांना रडू आवरेना.

त्यांचं दुखणं आणि आपलं एकच, असं मी म्हणणार नाही. पण मराठीत कागद मागितल्यावर खिडकीतनं मिळालेलं उत्तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल.

लुईस २०२० मध्ये गेले. त्याआधी कुणीतरी विचारत बसलं होतं, म्हणून एवढं राहिलं.

आमच्या गल्लीत सीमासत्याग्रहात तुरुंगात गेलेले एक आजोबा आहेत. नव्वदीला टेकलेत. गेल्या रविवारी फोन घेऊन त्यांच्यापुढं बसलो. लाठीमाराचं विचारलं तर गप्पच. तुरुंगातल्या आमटीवर मात्र अर्धा तास बोलले! सगळं रेकॉर्ड केलंय. मी लिहीन, पण मला चित्रं जमत नाहीत. आयडिनलाही चित्रकार शोधावाच लागला होता. तुमच्यात वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारं कोण आहे? चहा झाल्यावर जरा मागं थांबा.