ऐंशी दिवस मोजून ठेवा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्रीय समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी लिहून काढलं आहे.)

आज कर्जफेडीचा विषय नाही, त्यामुळे थोडं निवांत बसा. पण वही-पेन काढा.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. एक ताई ओट्यावर बाळाला घेऊन बसली होती, बाळ दोन महिन्यांचं. काजूच्या कारखान्यात ती साल काढायला जायची, तीन वर्षं. सहावा महिना लागला तसं मुकादम म्हणाला, "आता घरी राहा, बाळ मोठं झालं की बघू." ती घरी राहिली. मी विचारलं, पगारी रजा मागितली का? ती हसली. "आम्ही किलोवर काम करणारी माणसं, आम्हाला कसली रजा? ती सरकारी नोकरीवाल्यांना."

मी एमएसडब्ल्यू केलंय, कायदा परीक्षेला लिहिलाय, तरी त्या क्षणी मला पटकन बोलता आलं नाही. कारण तिचं म्हणणं चूक होतं, आणि ते तिला तीन वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा त्या गटात दीड वर्ष जातेय.

तर नीट ऐका. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ सालचा. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. नोव्हेंबर २०२५ पासून हे नियम सामाजिक सुरक्षा संहितेत आले, पण मुख्य गोष्टी त्याच राहिल्या. कारखान्याला हा नियम लागतो, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला, आस्थापनेलाही. कायम नोकरी हवी, असं त्यात कुठेच नाही. तुम्ही थेट मालकाकडे असा की ठेकेदाराकडून, महिन्याच्या पगारावर असा की किलोवर. दिल्ली महानगरपालिकेकडे हजेरीपटावर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २००० साली कोर्टाने सांगितलं की रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे.

अट एकच मोठी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. सलग नको. पावसाळ्यात काम बंद पडलं, मध्ये लावणीला गेलात, चालतं. मिळालेली पगारी सुट्टी त्यात धरतात, आणि माल नाही म्हणून मालकाने रीतसर घरी बसवलं तर ते दिवसही.

पैसे किती? रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत जितके दिवस कामाला गेलात, त्यांची रोजची सरासरी काढायची. ती किमान वेतनापेक्षा कमी भरली तर किमान वेतन धरायचं. समजा सरासरी ३५० रुपये आली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, कारण रविवारही मोजायचा. ३५० गुणिले १८२, करा बरं. ६३,७०० रुपये. त्या ताईच्या डोक्यावर गटाचं वीस हजाराचं कर्ज होतं आणि बाळंतपणासाठी तिने आणखी उचललं होतं.

तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते. त्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिला की आगाऊ, आणि उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत द्यायचे असतात. आधीची दोन मुलं हयात असतील तर रजा १२ आठवडे. आणि एक गोष्ट आपण दबक्या आवाजात बोलतो, ती इथे मोठ्याने सांगते : गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा आहे. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला दोन आठवडे. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी कामावर गेलेल्या किती जणी इथे आहेत, ते मी विचारत नाही.

तुमच्या पगारातून ईएसआय कापत असतील तर पैसे मालकाकडून नाही, ईएसआयकडून मिळतात. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ही कपात होते, दहा हजाराला ७५ रुपये. तिथे ८० च्या ऐवजी वेगळा हिशोब आहे : आधीच्या दोन सहामाहींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणून पगाराची स्लिप फाडून चुलीत घालू नका. विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

शेतमजुरीला जाणाऱ्या ताईंना हा कायदा लागत नाही. हे मला सांगायला आवडत नाही, पण खोटी आशा नको. त्यांच्यासाठी मातृवंदना योजना आहे : पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडी किंवा आशाताईंकडून. कायद्याने पगारी रजा मिळणाऱ्या बाईला ती योजना नाही. मुकादम कधी म्हणेल, "तुला पाच हजार मिळतात की." तेव्हा साठ हजार सोडून पाच हजार घेऊ नका.

आता त्या ताईचं काय झालं? आम्ही दोघी कारखान्यात गेलो. ते म्हणाले, ही आमच्याकडे नव्हतीच, ठेकेदाराची असेल. ठेकेदार म्हणाला, महिन्यात चार दिवस यायची. तिच्याकडे एक कागद नव्हता. ही तीच ताई, जी गटाची सचिव आहे आणि दहा रुपयांचा दंडसुद्धा तारीख घालून लिहिते.

आपण गटाची पाच पुस्तकं लिहितो. त्यात स्वतःच्या हजेरीचं एक पान नाही. ते पान आजपासून सुरू करा. तारीख, किती किलो, किती पैसे, सोबत कोण होतं. पैसे खात्यावर मागा. गरोदर असल्याचं कळलं की रजेचा अर्ज लेखी द्या, त्यात कोणत्या तारखेपासून रजा ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. अर्ज राहून गेला म्हणून हक्क जात नाही, बाळंतपणानंतरही देता येतो. गरोदर आहे म्हणून कामावरून काढलं तरी पैसे बुडत नाहीत.

एवढं करूनही नाही म्हणाले, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आपल्या ताईची तक्रार आम्ही दिली आहे. तिच्यासोबत काम करणाऱ्या तिघी जणी साक्ष द्यायला तयार झाल्या, एकीने आदल्या रात्री नाही म्हटलं. तिच्यावर रागावू नका, तिचं घर त्याच कामावर चालतं. तारीख लागलेली नाही.

जाता जाता आणखी एक, थोडं बोचेल. उद्या आपलं मसाला युनिट वाढलं आणि तिथे दहा पगारी माणसं झाली, तर मालक आपण असू. तेव्हा हाच हिशोब आपल्याला करावा लागेल, आतापासून बाजूला काढा.

पुढच्या सभेला कारखान्यात, पॅकहाउसमध्ये, दुकानात जाणाऱ्या सगळ्यांनी आपलं पान घेऊन या. मी कॅलक्युलेटर आणते.