छडी, दाखला आणि आपला अर्ज
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

समितीने मला ‘शाळेची शिस्त आणि मुलांचे हक्क’ हा विषय दिला आहे. मी तीस वर्षे मास्तरकी केली. तेव्हा दुसऱ्यांच्या चुका सांगण्याआधी माझी स्वतःची सांगतो.

माझ्या वर्गात सहावीत एक मुलगा होता. रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा यायचा. मी रोज त्याच्या हातावर पट्टी मारायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी तर मी काही बोलायच्या आतच त्याने हात पुढे केला. मला वाटलं, पोरगा निर्ढावला. पुढे कधीतरी त्याच्या घराकडे जाणं झालं, तेव्हा कळलं की आई पहाटे धुण्याभांड्याला जाते, आणि नळाला पाणी येतं ते नेमकं शाळेच्या वेळेला. पाणी भरून, धाकट्या बहिणीला शेजारणीकडे सोडून तो पळत शाळेत यायचा. बंधू-भगिनींनो, इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, ‘बाळा, उशीर का होतो?’ तो पुढे केलेला हात मला अजून दिसतो.

आज मला हीच गोष्ट सांगायची आहे. शिस्त हवीच. पण न विचारता, न ऐकता दिलेली शिक्षा म्हणजे शिस्त नव्हे.

आपले आईबापही कमी नाहीत. शाळेत नाव घालायला येतात आणि म्हणतात, ‘सर, कातडं तुमचं, हाडं आमची. चांगला बडवा.’ मनात हेतू चांगला असतो, पोरगं शिकावं हा. पण असं बोलून आपण आपल्या लेकराचा हक्कच दुसऱ्याच्या हातात देतो. आणि तो हक्क आता कायद्याने दिलेला आहे.

२००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण हा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठी २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातली दोन कलमं आज घरी जाताना पाठ करून जा. कलम १७ : मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि मानसिक छळही करता येणार नाही. नुसती छडीच नव्हे. अंगठे धरायला लावणं, वर्गात टाकून बोलणं, फीसाठी दिवसभर बाहेर उभं करणं, हेही त्यातच आलं. असं करणाऱ्या शिक्षकावर त्याच्या सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. कलम १६ : आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ साली या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मिळाली नाही. हा फरक लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर राहिल्या. नववी-दहावीही या कायद्यात येत नाही. पण म्हणून तिथे मारायची परवानगी आहे असं नाही. इजा झाली तर पोलिसांकडे जाता येतं. आणि चारचौघांसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान केला, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा शाळेच्या फाटकापाशी थांबत नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला. तेव्हा ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला हा कायदा नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मात्र जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा.

शिस्तीच्या नावाखाली मुलांना काढून टाकल्याचं एक प्रकरण आपल्या देशात फार गाजलं. केरळमधली तीन भावंडं होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहायची, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८५ साली शाळेने त्यांना काढलं. ‘बिजो इमॅन्युएल’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८६ साली निकाल लागला : मुलांनी कसलाही अनादर केलेला नाही, त्यांना शाळेत परत घ्या. म्हणजे बघा, शाळेचा नियम मोठा खरा, पण तो राज्यघटनेपेक्षा मोठा नाही.

आपल्याला तर हा विचार परका नाही. विनय म्हणजेच शिस्त. विनयपिटकात वाद मिटवण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत, त्यातली पहिली आहे संमुखविनय. ज्याचा वाद आहे तो समोर हजर असताना निर्णय करायचा, पाठीमागे नाही. भिक्खूसंघाला जो नियम होता, तो सातवीतल्या पोराला नको काय?

आता आपल्याच वस्तीतली गोष्ट सांगतो. शाळेचं आणि मुलाचं नाव घेत नाही. सातवीतला मुलगा. वर्गात दुसऱ्या मुलाने घाण शब्द वापरला, याने हात उचलला. हात उचलला ही चूकच. पण शब्द कुणाचा होता, हे कुणी विचारलं नाही. आईला बोलावलं, एक छापील कागद पुढे केला आणि म्हणाले, ‘बाई, इथे सही करा, मुलाचं भलं होईल.’ तिने सही केली. कागदावर काय होतं? ‘घरगुती कारणास्तव मुलाचा दाखला मिळावा.’ म्हणजे शाळेने काढलं नाही, आईनेच नेला! मातांनो, कायदा असा चुकवला जातो. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर ‘घरी दाखवून आणते’ म्हणा आणि कागद घेऊन विहारात या.

त्या बाईने दुसऱ्या दिवशी तेच केलं. आपल्या दोन तरुणांनी बसून अर्ज लिहिला : मी स्वखुशीने दाखला मागितलेला नाही, माझ्या मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. आठवड्याभरात मुलगा वर्गात बसला. दोन्ही मुलांनी एकमेकांची माफी मागितली. मोर्चा नाही, भांडण नाही.

अर्जाची ही ताकद आपल्या समाजाला जुनी ठाऊक आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याला न्याय मिळाला नाही. पण तो कागद वरपर्यंत गेला, आणि १८५८ साली सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचं जाहीर झालं. कागदावर खुल्या झाल्या, वर्गात नाही. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, आणि शिपाई नसला की तहानेलं राहावं लागलं. हीसुद्धा त्या काळी शाळेची ‘शिस्त’च होती!

म्हणून आता काय करायचं ते सांगतो. पहिलं, मुलगा रडत घरी आला तर आधी त्याचं पूर्ण ऐका. तुम्हीच दोन धपाटे घातलेत, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. दुसरं, शाळेत जा, शांतपणे विचारा, शिक्षकांचीही बाजू ऐका. शिक्षक आपला वैरी नाही. एकेका वर्गात साठ-साठ मुलं सांभाळणं सोपं नाही, हे मी सांगतो. तिसरं, तोंडी काम झालं नाही तर तारीख घालून अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच जपून ठेवा. चौथं, कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका वा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा नंबर आहेच. पाचवं, सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे आपल्या बायका दिसत नाहीत. पुढच्या पालकसभेला जा आणि नाव सुचवा.

आणि बालमित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. हक्क आहे म्हणून सरांना उलट बोलायचं नाही. वेळेवर जायचं, गृहपाठ करायचा. आणि अन्याय झाला तर लपवायचा नाही.

विहार समितीला माझी विनंती आहे की दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास कुणीतरी अर्ज लिहून देण्यासाठी इथे बसावं. पेन आणि कागद मी आणतो. आपण हात उगारायचा नाही, हात जोडायचेही नाहीत. हातात अर्ज घेऊन जायचं.